ध्वजाला वाटणी नाही

पंधरा ऑगस्टला पेढीवर, शाळेत, सोसायटीच्या अंगणात तिरंगा फडकतो. अशा वेळी एखादे लहान मूल विचारते, ‘यातला आपला रंग कोणता?’ प्रश्न बाळबोध वाटतो. परंतु एके काळी देशाच्या थोर नेत्यांपुढेही तोच उभा होता.

१९२१ साली बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ध्वजाचा आराखडा ठेवला. त्यात लाल रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा मानला होता. उरलेल्या सर्व धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा सुचविला. ध्वजावर चरखाही आला. संख्येने लहान असलेले सारे समाज त्या एका पांढऱ्या पट्ट्यात सामावले.

हेतू ऐक्याचाच होता. परंतु अविभक्त कुटुंबाच्या पेढीत एकदा वाटे मोजले जाऊ लागले की प्रत्येकाची दृष्टी आपल्या वाट्याकडे वळते. तसेच येथे झाले. शिखांनी आपल्या रंगाला स्थान मागितले. मग आणखी किती पट्टे जोडावयाचे?

१९३१ साली काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. सरदार पटेल, पंडित नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्यासह काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर तीत होते. समितीने एकरंगी केशरी ध्वज सुचविला. तो मान्य झाला नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत तीन रंग कायम राहिले, लालाच्या जागी केशरी आला, आणि मुख्य म्हणजे रंगांचा अर्थच बदलला. हे रंग कोणत्याही समाजाचे नसून गुणांचे आहेत, असे ठरले. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने ध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याऐवजी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले. चरखा ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही, चक्र दिसते, असे कारण नेहरूंनी दिले. डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचे विवरण केले. पांढरा सत्यमार्ग दाखविणारा प्रकाश, हिरवा भूमीशी व वनस्पतिसृष्टीशी असलेले नाते, चक्र धर्माचे आणि गतीचे. केशरी रंग मात्र त्यांनी अनासक्तीचा सांगितला: ज्यांच्या हाती कारभार आहे, त्यांनी स्वतःच्या लाभाविषयी उदासीन असावे.

हा अर्थ केवळ राज्यकर्त्यांपुरता राहू नये. विश्वस्त निधी, पतपेढी, बाजार समिती, जेथे जेथे दुसऱ्याचे धन हाताळावे लागते, तेथे केशरी पट्टा हेच विचारतो. आणि मूल ‘आपला रंग कोणता’ असे विचारील, तेव्हा उत्तर एवढेच द्यावे: तिन्ही, कारण गुणांची वाटणी होत नसते.