शेतावरील कुत्रा : आणावा केव्हां व द्यावा कोणास?

शेतकऱ्याच्या वस्तीवर कुत्रा असावयाचाच, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे व ती निराधार नाहीं. खळ्यावरील धान्य, गोठ्यांतील जनावरें व विहिरीवरील पंप यांवर रात्रभर मनुष्याची नजर राहणें शक्य नसतें. तेथें कुत्र्याचे कान उपयोगी पडतात. परंतु उपयोग आहे म्हणून पिलूं आणावें, येवढ्यावरच विचार थांबतो, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चाल पाहतों, वैरणीचा हिशेब करतों. कुत्र्याचें पिलूं मात्र शेजाऱ्यानें फुकट दिलें म्हणून घरीं येतें, आणि पुढें नकोसें झालें म्हणजे बाजाराच्या गांवीं सोडलें जातें. या दोन्ही गोष्टींसंबंधानें आमचें मत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम आणण्याविषयीं. कुत्रा साधारणपणें १० ते १३ वर्षें जगतो. इतकीं वर्षें त्यास रोज कोण खावयास घालणार, हें घरांत आधीं ठरलें पाहिजे. पिलूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे त्यास पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती वेळच्या वेळीं देत जावी. हा रोग मनुष्यांत एकदां दिसूं लागला कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून ज्या घरीं पोरेंबाळें आहेत तेथें लसीची टाळाटाळ करणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळणें होय. मादी घेतल्यास तिची शस्त्रक्रिया वेळीं करून घ्यावी. ती सुमारें ६३ दिवसांत विते, व वर्षांतून बहुधा दोनदां माजावर येते. मग त्या पिलांचें काय करावयाचें हा प्रश्न दारांत उभा राहतो.

उसाच्या मुलखांतील शेतकऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून केलेला एक अभ्यास सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. बिबट्यांनीं खाल्लेल्या भक्ष्यांत पाळीव जनावरांचा भरणा अधिक असून, वजनाच्या मानानें एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारें ३९ टक्के निघाला. अशा प्रदेशांत रात्रीं उघड्यावर साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास धड पळतांही येत नाहीं, आणि त्याच्या वासानें श्वापद मात्र वस्तीजवळ येतें. कोणी म्हणेल, आंत कोंडलेला कुत्रा राखण काय करणार? आमचें उत्तर असें कीं, भुंकून धन्यास जागें करणें हेंच त्याचें काम आहे व तें तो दाराआडूनही करतो. ज्याच्या गोठ्यास मजबूत दार व जाळी आहे आणि रोज सायंकाळीं कुत्रा आंत घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेंच अशा ठिकाणीं कुत्रा पाळावा. इतरांनीं तो पैसा गोठ्याच्या दारावर खर्च करावा, हें बरें.

आतां देण्याविषयीं. जमीन वाट्यानें लावली, मुलें नोकरीसाठीं शहरांत गेलीं, किंवा घरचें माणूस अंथरुणास खिळलें, तर कुत्रा दुसऱ्यास देण्यांत कमीपणा नाहीं. परंतु तो परक्या गांवीं सोडून येणें हें निराळें. जनावर उपाशीं वा तहानलेलें राहील अशा स्थितींत योग्य कारणावांचून टाकून देणें हा सन १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. शिवाय आपण सोडलेला भुकेला कुत्रा दुसऱ्या कोणाच्या तरी शेळ्यांच्या कळपांत शिरतो, याचाही विचार करावा.

कुत्रा ओळखीच्या घरीं द्यावा व त्याचे गुणदोष लपवूं नयेत. तो कोंबड्यांमागें धांवतो काय, कोणास चावला आहे काय, लस केव्हां टोंचली, हें स्पष्ट सांगावें. घेणाऱ्यानें दोन-चार वेळां येऊन आपल्या हातानें त्यास भाकरी घालावी. मग न्यावा, व कांहीं दिवस कुंपणाआंत ठेवावा, नाहींतर तो जुन्या घरीं परत येण्यास निघतो. नाहींच जमलें तर परत घेऊं, असेंही देणाऱ्यानें सांगून ठेवावें.

ज्यास राखणीची गरज आजच आहे, त्यानें पिलाऐवजीं असा वाढलेला, माहितीचा कुत्रा घ्यावा, अशी आमची सूचना आहे. त्याचा स्वभाव डोळ्यांपुढें असतो, तो लगेच कामास येतो, व एका जनावराचें उर्वरित आयुष्यही मार्गास लागतें. सुगीनंतर वस्त्या बदलण्याचे दिवस येतात. त्यापूर्वींच प्रत्येक घरीं हा विचार व्हावा, अशी आमची सभासदांस विनंती आहे.