कोणते औषध चालत नाही, ते मराठीत लिहून द्या

मा. संपादक,


औषधाची जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊन गेलेला रुग्ण घरी जाताना त्याच्या हातात मराठीतले एक कार्ड असलेच पाहिजे. कोणते औषध आणि त्याच्या जातीतली कोणती औषधे आयुष्यात पुन्हा घ्यायची नाहीत, हे त्यावर डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह लिहिलेले असावे. सरकारी आणि खासगी, सर्व रुग्णालयांना शासनाने हे बंधनकारक करावे.

माझ्या धाकट्या बहिणीला फिट येतात म्हणून कार्बामॅझेपिन सुरू झाले. काही आठवड्यांनी तिला ताप आला, डोळे चुरचुरू लागले, तोंड आले. उष्णता झाली असेल, सब्जा द्या, असे जो तो सांगत होता. मग छातीवर काळपट-लाल चट्टे उठले, त्यांचे फोड झाले आणि अंग पुसताना कातडी पंचाला चिकटून येऊ लागली. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. शरीराच्या 30 टक्क्यांहून अधिक भागावरची कातडी सुटली, तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात आणि त्यात साधारण तिघांपैकी एक रुग्ण दगावतो. बहीण वाचली. डोळे मात्र कायमचे कोरडे झाले. आजही ती दिवसभर डोळ्यांत थेंब घालते आणि उन्हात डोळे उघडू शकत नाही.

डिस्चार्जच्या कागदांत शेवटच्या पानावर या औषधाविषयी इंग्रजीत एक ओळ होती. ती आम्हाला कोणी समजावली नाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला फेनिटॉइन लिहून दिले. नाव वेगळे, गोळी वेगळी. पण ज्याला कार्बामॅझेपिन सोसत नाही, त्याला फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनही घातक ठरू शकते. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टने जुनी फाइल मागून घेतली, म्हणून अनर्थ टळला. प्रत्येकाला असा फार्मासिस्ट भेटेलच असे नाही.

‘रुग्णाने नाव लक्षात ठेवावे’ असे म्हणणे सोपे आहे. एकच औषध कितीतरी कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळते. मूळ औषधाचे नाव पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत असते, आणि चार गोळ्या कापून घेतल्या की बहुधा ते नाव दुकानातच राहते. त्यातून ही रिॲक्शन गोळी घेतल्याबरोबर येत नाही. औषध सुरू झाल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांनी ती दिसते, त्यामुळे घरच्यांना गोळीचा संशयही येत नाही. फिटच्या गोळ्यांइतकाच धोका युरिक ॲसिडवरच्या ॲलोप्युरिनॉलचा आणि सल्फाच्या औषधांचाही असतो. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात त्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दलही नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता. त्यातली ‘ड्रेस’ नावाची रिॲक्शन कातडीबरोबर यकृतावरही घाला घालू शकते. हा इशारा किती घरांत पोहोचला?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो. पण हे कार्ड ओपीडीतल्या प्रत्येकासाठी नाही. असे रुग्ण मोजकेच असतात, ते वॉर्डात राहून घरी जातात आणि कार्ड लिहायला पाच मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप असा, की लोक घाबरून औषधेच सोडतील. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. काय चालत नाही हे धड ठाऊक नव्हते, तेव्हा बहीण तापाची साधी गोळीही घ्यायला तयार नसे. त्वचारोगतज्ज्ञांनी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची यादी करून दिल्यावरच तिची भीती गेली.

सिंगापूरमध्ये 2013 पासून आशियाई वंशाच्या रुग्णाला कार्बामॅझेपिन नव्याने सुरू करण्याआधी जनुकीय चाचणी करण्याचा दंडक आहे. आपल्याकडे तशी चाचणी सर्वांना परवडेल तेव्हा परवडेल. कार्डाला तर कागद आणि शाईपलीकडे काही लागत नाही.

सोबत आणखी दोन गोष्टी व्हाव्यात. औषध देण्यापूर्वी ‘पूर्वी कोणत्या गोळीची रिॲक्शन आली होती का?’ हा प्रश्न प्रत्येक फार्मासिस्टने विचारावा. आणि गाझियाबादहून चालणाऱ्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक औषधाच्या दुकानात ठळक लावावा. तिथे रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

वाचकांनाही एक कळकळीची विनंती. नवे औषध चालू असताना ताप, तोंड येणे, डोळ्यांची आग आणि अंगावर चट्टे एकत्र दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. गोळीची पट्टी सोबत घेऊन त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. संशयित औषध जितक्या लवकर थांबते, तितकी जीव वाचण्याची शक्यता वाढते.

आपली,
एका रुग्णाची बहीण, सातारा