रूपक नव्हे, अपह्नुती

तिमूर बेकमाम्बेतोव दिग्दर्शित 'अब्राहम लिंकन : व्हॅम्पायर हंटर' (2012) या चित्रपटाची पाठराखण करणाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद आहे : त्यातील रक्तपिपासू पिशाच्चे हे गुलामगिरीचे रूपक होय. हा युक्तिवाद अलंकारशास्त्राच्या प्राथमिक कसोटीलाही उतरत नाही.

रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद कल्पिलेला असतो. उपमेय मात्र नाहीसे होत नाही. मार्क्सने भांडवलासाठी रक्तशोषक पिशाच्चाची प्रतिमा योजली, तेव्हाही वाचकाची दृष्टी कारखान्यावर आणि कामाच्या तासांवरच खिळून राहते. उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागी उपमान स्थापणे, ही अपह्नुती. प्रस्तुत चित्रपट नेमके हेच करतो : हे मळेवाले नव्हेत, ही पिशाच्चे आहेत! जेफरसन डेव्हिस माणूस आहे खरा. पण तो पिशाच्चांच्या दारी सैन्य मागणारा याचक एवढाच उरतो.

हा केवळ अलंकारांच्या वर्गीकरणाचा वाद नव्हे. 1860 च्या जनगणनेत अमेरिकेतील गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख भरली. त्यांना खरेदीखतांनी, गहाणखतांनी आणि न्यायालयांनी जखडले होते. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारले ते सर्वोच्च न्यायालयातील माणसांनीच. पिशाच्च रक्त पिते, तो त्याचा स्वभाव. आणि स्वभावावर खटला चालवता येत नाही. मालकाला मात्र पर्याय होता, म्हणूनच तो अपराधी ठरतो. चित्रपटाच्या अखेरीस उरलेली पिशाच्चे देश सोडून निघून जातात. इतिहासातले मालक कोठेही गेले नाहीत. 1865–66 मध्ये त्यांच्याच राज्यांनी 'ब्लॅक कोड्स' नावाचे निर्बंध रचले.

मराठी वाचकाला या संदर्भात जोतीराव फुल्यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. 'गुलामगिरी' (1873) त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या ग्रंथाची रीत या चित्रपटाच्या बरोबर उलट आहे. मत्स्य, वराह, नृसिंह या अवतारांच्या अद्भुत कथा घेऊन फुले त्यांमागची माणसे, त्यांची आक्रमणे आणि त्यांचे हितसंबंध शोधतात. त्यांच्या व्युत्पत्तींविषयी मतभेद असू शकतील. दिशेविषयी असू नयेत. ते अद्भुताकडून माणसाकडे येतात. हा चित्रपट माणसाकडून अद्भुताकडे पळतो.

'केवळ करमणूक' ही सबब येथे पुरेशी नाही. करमणुकीसाठी पिशाच्चे खुशाल निर्माण करावीत. त्यांच्या आडून माणसांची निर्दोष सुटका करू नये.