हजेरी घ्या, छडी नको

मागे एका रविवारी भर दुपारी बेल वाजली. दारात माझा एक जुना विद्यार्थी. चाकणला कंत्राटी कामगार आहे. हातात कागदांची पिशवी. म्हणाला, "बाई, एक अर्ज लिहून पाहिजे होता."

अर्ज लिहून देणे हा माझा निवृत्तीनंतरचा बिनपगारी उद्योग. पाणीपट्टी, रेशनकार्ड, नावातली चूक... पण हा अर्ज वेगळाच निघाला. टेलिग्रामवर भेटलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे. या शहाण्याने एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दोन्ही देऊन टाकलं. एका रात्रीत खात्यात ११ लाख आले आणि गेले. कुणाला तरी फसवून काढलेले पैसे. आता खातं गोठवलंय, त्याचा स्वतःचा पगारही त्यात अडकलाय आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आलीय.

"अरे, पण ते पैसे पुढे गेले कुठे?"

"साहेब म्हणाले, त्याचे यूएसडीटी घेतले. विकणारा कुठल्याच एक्स्चेंजवर नाही, म्हणून पुढचा माग लागत नाही. बाई, यूएसडीटी म्हणजे काय हो?"

आली का पंचाईत! आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की उत्तर शोधायचं, ही खोड काही जात नाही. वाकडला राहणाऱ्या भाच्याला बोलावलं, चहा पाजला आणि त्याला शिकवायला लावलं.

त्यातून मला समजलं ते असं. बिटकॉइनचा भाव रोज वरखाली होतो. यूएसडीटीचा तसा होत नाही. टेदर नावाची कंपनी ते काढते आणि एका नाण्यामागे एक डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रोखे आपण राखून ठेवतो असं सांगते. म्हणून याला स्टेबलकॉइन म्हणायचं, म्हणजे स्थिर नाणं. थोडक्यात, खिशातला फोन हीच डॉलरची पेटी. ती मिनिटभरात चाकणहून जगात कुठेही जाते. आता ते डॉलर खरंच राखलेले असतात का? जुन्या काळातल्या अशाच दाव्यांबद्दल अमेरिकेच्या एका नियामकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये टेदरला ४ कोटी १० लाख डॉलर दंड केला होता. असो.

माझा मुद्दा वेगळा आहे. या नाण्यांचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर वहीत लिहिला जातो. ती वही कुणालाही बघता येते. मग चोर सापडत का नाहीत? कारण वहीत आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. शिक्षकाच्या भाषेत सांगायचं तर हा असा हजेरीपट आहे, ज्यावर नुसते रोल नंबर आहेत! नंबर आणि नाव एकत्र येतात ती जागा एकच - रुपये देऊन नाणी घ्यायची किंवा नाणी देऊन रुपये घ्यायचे ते दुकान, म्हणजे एक्स्चेंज. म्हणून हजेरी तिथेच घ्यायला हवी.

सरकारने ती घ्यायला सुरुवात केली ७ मार्च २०२३ रोजी. त्या दिवशीच्या अधिसूचनेने या दुकानांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. त्यांनी दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करायची, गिऱ्हाइकाची ओळख पटवायची, नोंदी पाच वर्षं जपायच्या आणि संशयास्पद व्यवहार दिसला की कळवायचं. बँका हे कित्येक वर्षं करतातच. नोंदणी न करता धंदा करणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. त्यातल्या बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला.

भाचा इथे उसळला. "मावशी, ही पाळत आहे. माझे पैसे, मी कुठेही पाठवीन. सरकारला काय करायचंय?"

बाळा, मी ३० वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली. त्यातून माझा एकाही पोरावर संशय होता असं होत नाही. पण एखादा मुलगा घरी पोचला नाही तर त्याची आई पहिल्यांदा माझ्याकडेच यायची - आज वर्गात होता का हो बाई? हजेरी असते ती त्या आईसाठी.

पटत नसेल तर आपल्याच गावातली दोन उदाहरणं बघ. पहिलं गेनबिटकॉइनचं. बिटकॉइन द्या, महिन्याला दहा टक्के घ्या, दीड वर्षं, असं आमिष होतं. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाची घरची नाणी लोकांच्या गळ्यात मारली. २०१८ मध्ये आपल्या निगडी पोलिस ठाण्यात आणि पुण्यात दत्तवाडीला गुन्हे दाखल झाले आणि सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच मार्चमध्ये पोलिसांना तपासात मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतली नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे खटले सीबीआयकडे दिले. तेव्हा या दुकानांवर नोंद कळवण्याचं कुठलंच बंधन नव्हतं.

दुसरं पिंपरीच्या सेवा विकास बँकेचं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. लोकांना मनस्ताप झालाच, पण कुणाची ठेव किती हे वहीत होतं आणि पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण होतं. बुडालेल्या बँकेचीही वही उरते. वहीच नसलेल्या दुकानाचं काय उरतं?

आता दुसऱ्या बाजूला वळते. दुर्गा टेकडीवर आमच्यासोबत फिरायला येणारे एक निवृत्त बँक अधिकारी म्हणतात, "कशाला हजेरी अन् फिजेरी? बंदच करून टाका!" अहो, तोही प्रयोग झालाय. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. मधल्या काळात व्यवहार थांबले का? ते या हातातून त्या हातात होऊ लागले. शाळेचं फाटक बंद केलं की पोरं भिंतीवरून उड्या मारतात, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि इथेच माझं सरकारशी भांडण आहे. एका हातात हजेरीपट घेतलात, पण दुसऱ्या हातात छडी कशाला? १ जुलै २०२२ पासून अशा प्रत्येक विक्रीवर एक टक्का कर आधीच कापला जातो. वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत सूट आहे, ती सोडा. स्टेबलकॉइनचा भाव फारसा हलतच नाही, म्हणजे नफा जवळजवळ नाही. मग कापता ते मुद्दलातूनच! एक लाख रुपये दहा वेळा फिरवले तर साडेनऊ हजारांहून जास्त अडकतात. विवरणपत्र भरून परत मागता येतात, हे खरं. पण खेळतं भांडवल तोवर गेलं ना! ज्याला हे परवडत नाही तो टेलिग्रामवर जातो. तिथे कापणी नाही, ओळखपत्र नाही, हजेरीही नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या खात्यातून गेलेले ११ लाख असल्याच बोळात शिरले. म्हणजे प्रामाणिक माणसाला आपणच चोरांच्या गर्दीत ढकलतो आणि मग गर्दीत चोर दिसत नाही म्हणून ओरडतो!

कर नफ्यावर घ्या, भरपूर घ्या. तीस टक्के घेताच आहात. पण ही आगाऊ कापणी नाममात्र करा. नोंद मात्र पैशापैशाची घ्या. २०२५ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून या कंपन्यांनी प्राप्तिकर खात्यालाही व्यवहारांचं विवरण द्यावं असं कलम आणलं. उत्तम झालं. पण सगळी माहिती तिकडून मिळणार असेल, तर मागावर राहण्यासाठी म्हणून केलेल्या त्या कापणीचं काम उरलं काय?

आणखी एक. हे सगळे अहवाल वर दिल्लीला जातात. निगडीतल्या फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं? कायद्याने प्रत्येक कंपनीला एक प्रमुख अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि फोन अॅपवर मराठीतही ठळक का नसावा? किती तक्रारी आल्या, किती रक्कम रोखली, किती परत दिली, हे आकडे दर महिन्याला जाहीर का होऊ नयेत? अमेरिकेने जुलै २०२५ च्या कायद्यात स्टेबलकॉइन काढणाऱ्यांना राखीव निधीचा हिशेब दरमहा जाहीर करायला लावलाय. नाणं काढणारा आपल्या हाताबाहेर आहे, पण दुकानदार तर आपल्या हातात आहे! आम्हीसुद्धा प्रगतिपुस्तक पालकांच्या सहीसाठी घरी पाठवायचो, नुसतं शिक्षणाधिकाऱ्यांना नाही.

नातेवाइकांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. आपलं खातं, कार्ड, सिम कुणालाही भाड्याने द्यायचं नाही, पोटच्या पोरालाही हे बजावून ठेवा. आणि फसलात तर लाज न बाळगता त्या क्षणी १९३० ला फोन करा. पैसे नाण्यात बदलायच्या आत अडवले तरच हाती लागतात.

अर्ज लिहून दिला. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य त्याला तीन ठिकाणी हवं होतं. मी एकदाच लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, "खातं वापरायला दिलं ही माझी चूक आहे." तो जरा नाराज झाला, पण सही केली त्याने. अजून खातं सुटलेलं नाही.