बागेची रोजकीर्द

मृग नक्षत्र लागले की शिरपुरात रोपांची चर्चा सुरू होते. शाळा, मंडळे, व्यापारी संघटना आपापल्या परीने वृक्षारोपण करतात. श्रावण सरेपर्यंत सारी रोपे टवटवीत दिसतात, कारण तोवर त्यांचा सांभाळ पाऊसच करीत असतो. खरी परीक्षा फाल्गुनानंतर सुरू होते. खानदेशात चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि काळ्या जमिनीला भेगा पडतात. त्या दिवसांत सार्वजनिक उद्यानातील रोपापाशी पाणी घेऊन कोण जाते, यावर त्या उद्यानाचे भवितव्य ठरते.

उद्यानाची देखभाल हे नगरपालिकेचे काम आहे, नागरिकांनी त्यात का पडावे, असा प्रश्न विचारला जातो. तो गैर नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत गणला आहे. कुंपण, जलवाहिनी, दिवे, माळ्याचे वेतन ही कामे पालिकेचीच आहेत आणि ती तिच्याकडून करवून घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु कोणत्या रोपाची काठी मोडली, कोणत्या आळ्यात चार दिवस पाणी पडले नाही, हे रोज पाहणारी नजर अंदाजपत्रकात तरतूद करून मिळत नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच द्यावी लागते.

अशी नजर एकत्र येऊन ठेवली तर काय घडते, याचा दाखला धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी वस्तीचे छोटे गाव. तिथे प्रश्न उद्यानाचा नव्हता, जंगलाचा होता. पण उद्यान काय, जंगल काय, जे सर्वांचे असते त्याची काळजी वाहणारा सहसा कोणी नसतो. १९९० च्या सुमारास भोवतालचे डोंगर उघडे पडले होते आणि पाण्यासाठी स्त्रियांना दूरवर चालावे लागत होते. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या चैत्राम पवार यांनी नोकरीसाठी शहर न गाठता गावातच राहण्याचे ठरवले. त्यांच्या पुढाकाराने गावाने वनसमिती नेमली, झाडे तोडणाऱ्यास दंड ठरवला, जंगलात बैलगाडी नेण्यास बंदी केली आणि श्रमदानातून चर खोदले, बंधारे बांधले. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल हे गाव राखते. विहिरींना पाणी आले आणि २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धाही भरू लागली. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

या यशाचे मूळ उत्साहात नाही, नियमांत आहे. नियम गावाने स्वतः केले, म्हणून ते पाळले गेले. उद्यानाची जबाबदारी घेणाऱ्या मंडळींनीही पहिल्याच बैठकीत पाळी, वेळ आणि कामाची वाटणी ठरवून घ्यावी. अन्यथा पहिल्या रविवारी चाळीस हात येतात आणि चौथ्या रविवारी चार.

शिरपूरला पाण्याचे भान नव्याने शिकवावे लागत नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली या तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून त्यांवर दरवाजे नसलेले बंधारे बांधण्यात आले. ते काम ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. पडलेले पाणी वाहून न जाता जमिनीत मुरावे, हे त्यामागील सूत्र. उद्यानातही तेच लहान प्रमाणात लागू पडते. रोपाभोवती रुंद आळे करावे, त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्यावे, म्हणजे ते उन्हात उडून जात नाही. बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात वात घातलेले मातीचे मडके मुळांजवळ पुरले, तर थोडे पाणीही बराच काळ पुरते. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा यांसारखी या मातीची झाडे पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळली की पुढे आपल्या बळावर उभी राहतात.

काही गोष्टी टाळणेही तितकेच महत्त्वाचे. झाडलेला पाचोळा पेटवू नये. त्या आगीत खत तर जातेच, शिवाय पानांखाली आश्रय घेतलेले असंख्य सूक्ष्म जीव होरपळतात. अहिंसा मानणाऱ्या घरांना याहून अधिक सांगणे नको. कोपऱ्यात खड्डा करून पाला कुजवला तर वर्षभरात त्याचे उत्तम खत होते. फांदी अडचणीची वाटली तरी परस्पर तोडू नये. नागरी क्षेत्रात १९७५ च्या झाडांच्या जतनविषयक कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि माळ्याला बाजूला सारून कोणतेही काम करू नये. बागेची नस त्यालाच ठाऊक असते. स्वयंसेवक त्याचे मदतनीस, मुकादम नव्हेत.

व्यापारी कुटुंबे दानात कधी मागे राहिलेली नाहीत. बाक, पाणपोई, प्रवेशद्वार यांसाठी निधी सहज उभा राहतो आणि त्यावर देणाऱ्याचे नाव कोरले जाते. बादलीभर पाण्यावर मात्र नाव कोरता येत नाही, म्हणूनच ते देणारा मिळणे कठीण. दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास आठवड्यातून दोनदा घरातील एकाने दिला, तरी दहा घरांत मिळून आठवड्याचे दहा तास होतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना तर संध्याकाळही मोकळी सापडते. सोबत नातवंडे आली तर देणे म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे त्यांना न सांगता कळते.

पेढीवर रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवस मिटत नाही. बागेतही एक वही असावी. तारीख, कोणाची पाळी, किती रोपांना पाणी, कोणते रोप सुकले, एवढीच नोंद पुरे. मृगात लावलेल्या रोपांचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. या वहीचा ताळेबंद मात्र आखाजीला, ऐन उन्हाच्या तडाख्यात मांडावा. त्या दिवशी जितकी रोपे जिवंत सापडतील, तीच खरी जमा.