भंडारा उठल्यावर

माघ शुद्ध सप्तमीला महाराष्ट्रात रथसप्तमी असते. अंगणात गोवरीवर दूध उतू घालायचे आणि संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवे त्या दिवशी आटोपती घ्यायची. जबलपूरला हीच तिथी नर्मदा जयंतीची. इथल्या मराठी घरांना त्यामुळे एका दिवसात दोन सण सांभाळावे लागतात. सकाळी सूर्याला नैवेद्य, दुपारी वाण, आणि दिवेलागणीला ग्वारीघाट. घाटावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. नदीला चुनरी अर्पण होते, द्रोणातून कणकेचे दिवे सोडले जातात आणि गल्लीच्या तोंडाशी, दुकानांपुढे, देवळांच्या ओट्यांवर भंडारे लागतात. हात पुढे केला की गरम पुरी-भाजी, खिचडी नाहीतर हलवा मिळतो, तुम्ही कोण-कुठले हे कोणी विचारत नाही. नर्मदाकाठचे हे औदार्य परिक्रमेला गेलेल्या मराठी माणसांनी भरभरून अनुभवले आहे आणि तितक्याच भरभरून लिहिले आहे.

भंडारा उठल्यानंतरचे मात्र त्या लिखाणात सहसा येत नाही.

त्यासाठी उष्ट्या द्रोणांच्या ढिगापाशी थोडे थांबावे लागते. पूर्वी हे द्रोण पानांचे असत. महाकोशलच्या जंगलांतली माहुलाची पाने बारीक काड्यांनी टाचून ते केलेले असत, आणि ते करण्यावर कित्येक आदिवासी घरे चालत. आता जागोजागी दिसतो तो चंदेरी द्रोण. खाली पुठ्ठा, वर चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा. स्वस्त, हलका, गरम रस्सा घातला तरी गळत नाही. पण त्या पापुद्र्यामुळे तो कुजत नाही, पुठ्ठ्याला रस्सा लागलेला म्हणून भंगारवाला घेत नाही, आणि वासाने गाय आली तर ती तो भाजीसकट गिळते. जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली, तरी हा द्रोण बाजारात आहे तसाच राहिला. पाच मिनिटांच्या प्रसादासाठी इतकी टिकाऊ वस्तू वापरायची कल्पना कोणाला सुचली असेल, देव जाणे.

महापालिकेने कचऱ्याकडे पाठ फिरवली आहे असे मात्र कोणी म्हणू नये. 2011 च्या जनगणनेत साडेदहा लाख वस्ती असलेल्या या शहराने 2016 साली कठौंदा इथे कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू केला. रोज 600 टन कचरा जाळून साडेअकरा मेगावॅट वीज देण्याची त्याची क्षमता. मध्य प्रदेशातला तो अशा प्रकारचा पहिला. जुलै 2025 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल लागले, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांत जबलपूर पाचवे आले. ज्या महाराष्ट्रात देवनार, उरुळी देवाची, फुरसुंगी ही कचरा डेपोंची नावे ऐकली तरी नाक मुरडावेसे वाटते, तिथल्या वाचकांना हे शहर हेवा करण्याजोगे वाटेल. अभिनंदन करायलाच हवे.

प्रश्न भट्टीच्या तोंडात काय जाते हा आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठे, उरलेला भात, चहाचा चोथा, निर्माल्य. ओली लाकडे घातलेली चूल जशी धुमसते तशी ही भट्टीही धुमसते, आणि आधी पाणी उडवण्यातच तिचा जीव खर्ची पडतो. हे काही नवे ज्ञान नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डॅनिश तंत्राने 300 टनांचा असाच प्रकल्प उभा राहिला होता. युरोपातल्या कोरड्या कचऱ्याच्या हिशोबाने आखलेली ती भट्टी आपला ओला, मातकट कचरा जाळू शकली नाही आणि लवकरच बंद पडली. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले. देठे मात्र होती तितकीच ओली आहेत.

दुसरी अडचण पैशाची आहे. भट्टी रोज खायला मागते. एकदा 600 टनांची यंत्रे बसली की तेवढा माल येत राहणे ही प्रकल्पाची गरज होऊन बसते. मग एकाच कचेरीत एका टेबलावर ‘कचरा कमी करा’ची पत्रके छापायची आणि शेजारच्या टेबलावर कचरा पुरवण्याचा करार पाळायचा, अशी कसरत सुरू होते. शिवाय जाळले म्हणजे संपले असेही नाही. मागे राख उरते, ती कुठेतरी नीट पुरावी लागते. ते ‘कुठेतरी’ म्हणजे शहराच्या कडेचे एखादे गाव, आणि गोल बाजार किंवा राईट टाऊनला राहणाऱ्याचे तिकडे जाणे क्वचितच होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की भट्टी ही शेवटची पायरी असावी. आपण ती पहिली करून ठेवली. याच राज्यात होळकरांच्या इंदूरने दुसरी वाट धरली. 2017 पासून सलग पहिला नंबर मिळवणाऱ्या त्या शहरात फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. लोक त्या प्रकल्पाचे फोटो पाहतात. पण तो चालतो ते घराघरांतून ओले-सुके वेगळे बाहेर येते म्हणून. पुण्यातही 1993 साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. कचऱ्यातला माल ओळखणारे सर्वांत चोख यंत्र म्हणजे माणसाचा हात, हे त्या कचरावेचकांना शिकवावे लागले नव्हते. एकत्र कालवलेला कचरा थेट भट्टीत ओतायचा म्हटले, की त्या हाताची रोजीही जळते.

जबलपूरला बावन्न तालांचे शहर म्हणतात. रानीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिच्या दिवाणाचा, असे लोक सांगतात. यांतल्या बऱ्याच तालांची नावे आता फक्त मोहल्ल्यांना उरली आहेत, पाणी केव्हाच बुजले. खुद्द रानीतालच्या परिसरात शहराने वर्षानुवर्षे कचरा टाकला. नर्मदा बुजणार नाही, ती मोठी आहे. म्हणूनच तिच्याबाबत आपण निर्धास्त असतो. पण लालपूरला तिचेच पाणी उचलून शुद्ध करून शहराला प्यायला दिले जाते. जयंतीला जिच्यात आपण फुले, चुनरी आणि दिव्याखालचा द्रोण सोडतो, तीच दुसऱ्या दिवशी आपल्या नळाला येते. श्रद्धेला हात घालू नका, असे इथे कोणी म्हणेल. हात कोणी घालत नाही. मूर्तिविसर्जनाचेही असेच म्हटले जात होते. तरीही गणपती आणि दुर्गेच्या मूर्ती नदीऐवजी भटौलीच्या कुंडाकडे वळल्याच. कुरकुर झाली, पण मिरवणुका थांबल्या नाहीत आणि देवही रुसला नाही. पानाचा द्रोण परत आणणे त्याहून सोपे आहे, कारण तिथे तर जुनीच रीत परत आणायची आहे.

आणि वाणाचे काय? यंदाही कित्येक घरांत प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबण ठेवायच्या डब्या लुटल्या गेल्या असतील. एकेका बाईकडे महिनाभरात अशा वस्तूंचा ढीग जमतो, त्यातल्या चार वापरात येतात आणि बाकीच्या पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत कचरागाडीत जातात. ज्या सणाच्या वाणात एकेकाळी ऊस, बोरे, हरभरा, गव्हाच्या ओंब्या असत, म्हणजे त्या हंगामात शेतात जे असेल ते, त्या सणाला बाजारातली डबी का लागावी? जबलपूरच्या मराठी महिला मंडळांनी हे मनावर घेतले तर पालिकेच्या कुठल्याही पत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

भंडाऱ्यांबाबत मात्र पालिकेला वाट पाहण्याचे कारण नाही. 2016 साली केंद्राने केलेल्या घनकचरा नियमांतच सांगितले होते की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमवायची, तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यावा. लग्नाच्या हॉलला विचारायचे आणि भंडाऱ्याला सोडून द्यायचे, असे त्यात कुठे लिहिले नव्हते. कळवायला आलेल्या प्रत्येक मंडळाला दोन पिंपे द्यावीत, पानांचे द्रोण कुठे मिळतात ते सांगावे आणि ज्याचा चौक दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसेल त्याचे नाव जाहीर करावे. भंडाऱ्याचे फलक, त्यांवरच्या पुढाऱ्यांच्या हसऱ्या छायाचित्रांसह, चौकाचौकांत पुष्कळ आधी लागलेले असतात. तेव्हा तीन दिवस आधी कळवणे कोणाला जड जाऊ नये.