रॅचेटचे दात आणि ‘आजन्म’ हमी

हत्यार महाग का असते, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी ‘त्याचे पोलाद चांगले असते’ असे उत्तर देतील. हाच प्रश्न हत्यारांच्या दुकानात विचारला तर ‘दात जास्त आहेत’ किंवा ‘लाइफटाइम गॅरंटी आहे’ असे उत्तर मिळते. रॅचेटच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि त्यांतले दातांचे उत्तर तर मला चक्क दिशाभूल करणारे वाटते.

ज्यांनी मोटारसायकलचे गॅरेज जवळून पाहिले आहे त्यांना रॅचेट म्हणजे काय हे सांगायला नको. नटाच्या डोक्यावर बसणारी ‘गोटी’ आणि तिला फिरवणारा दांडा. दांडा एका दिशेने ओढला की गोटी फिरते, उलट नेला की नुसता ‘कटकट’ आवाज होतो आणि गोटी जागीच राहते. पाना काढून पुन्हा बसवण्याचा व्याप वाचतो. तुमच्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हीच युक्ती आहे. दातेरी चक्र, त्यात अडकणारी एक छोटी खिट्टी आणि तिला मागून ढकलणारी स्प्रिंग. सायकल दुरुस्त करणारे या खिट्टीला ‘कुत्रा’ म्हणतात. पकडले की सोडत नाही म्हणून हे नाव पडले असावे!

अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या जे. जे. रिचर्डसन याने रॅचेट-पान्याचे पेटंट १८६३ साली घेतले. १९२० मध्ये मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सनने सुट्या गोट्या आणि सुटे दांडे एकमेकांना जोडता येतील अशी रचना विकायला काढली. पाच दांडे आणि दहा गोट्या घेतल्या की पन्नास पान्यांचे काम होई. त्यातून ‘स्नॅप-ऑन’ ही कंपनी उभी राहिली. आज तिची, तसेच जर्मनीतल्या स्टालविले किंवा जपानमधल्या कोकेनची रॅचेट साध्या रॅचेटच्या कित्येक पट किमतीला मिळतात. दिवसभर पाना हातात असणाऱ्या कामगाराने हे जादा पैसे मोजावेत का, हा प्रश्न चैनीचा नाही. अमेरिकेत तर गॅरेजमधले बहुतेक मेकॅनिक आपली हत्यारे स्वतःच्या पगारातून घेतात. शिवाय भार असताना खिट्टी निसटली तर पूर्ण ताकदीने ओढलेला हात समोरच्या इंजिनावर आदळतो. बोटांच्या पेरांवर जखमांचे व्रण नसलेला जुना मेकॅनिक शोधून काढणे कठीण आहे.

आता थोडे गणित करू. दांडा २५ सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या टोकाला आपण ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतके बल लावतो असे धरा. परिबल १०० न्यूटन-मीटर झाले. आतल्या दातेरी चक्राची त्रिज्या १२ मिलिमीटर धरली तर दातांवर येणारे बल १०० भागिले ०.०१२, म्हणजे सुमारे ८,३०० न्यूटन. साडेआठशे किलोंचे वजन! जुनी मारुती ८०० मोटार साधारण साडेसहाशे किलोंची होती. तिच्याहून जास्त भार करंगळीच्या नखाएवढ्या खिट्टीने पेलायचा, तोही दिवसातून शेकडो वेळा.

चक्राचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर. त्यावर २४ दात असतील तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ३ मिलिमीटरहून थोडी जास्त जागा येते. ७२ दात असतील तर जेमतेम १ मिलिमीटर. दात वाढवण्याचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडण्यासाठी १५ अंश मागे जावे लागते. २५ सेंटिमीटरच्या दांड्याचे टोक तेव्हा साडेसहा सेंटिमीटर हलते. ७२ दातांना ५ अंश, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर पुरतात. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे हात कसाबसा शिरतो, तिथे हा फरक काम होण्या-न होण्याचा असतो.

पण बारीक दात कमजोर नसतात का? येथे विद्यार्थ्यांनी जरा थांबून विचार करावा. दात म्हणजे एका टोकाला पक्की बसवलेली आखूड तुळई. तिच्या मुळाशी येणारे प्रतिबल बल आणि उंची यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, आणि जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाताची उंची आणि जाडी दोन्ही तिसऱ्या हिश्श्यावर आणली तर त्याच बलाला प्रतिबल तिप्पट होते. मात्र खिट्टीची रुंदी तीच ठेवली तर तितक्याच जागेत आता एकाऐवजी तीन दात अडकतात. प्रत्येकावर बल एक तृतीयांश, म्हणून प्रतिबल पुन्हा पहिल्याएवढेच. कागदावर हिशोब चुकता झाला.

कागदावर! कारण यात एक गृहीत लपले आहे. ते म्हणजे तिन्ही दात एकाच वेळी, सारख्याच जोराने टेकतात हे. खिट्टीचा एक दात मिलिमीटरच्या काही शतांश भागाने पुढे राहिला, तर तो थोडा दबेपर्यंत सगळा भार त्याच्या एकट्यावर. मोठ्या दाताला एवढी चूक जाणवत नाही. बारीक दाताच्या आकाराच्या मानाने ती मोठी ठरते. मळाचेही तसेच. दोन दशांश मिलिमीटर जाडीचा, ग्रीस आणि धूळ मिळून घट्ट झालेला थर दाताच्या बुंध्याशी बसला, तर दीड मिलिमीटर उंचीच्या दाताची पकड सातव्या हिश्श्याने कमी होते. अर्ध्या मिलिमीटरच्या दाताची मात्र जवळजवळ दोन पंचमांशाने. खिट्टी पूर्ण बसत नाही, दातांची नुसती टोके एकमेकांना घासतात आणि एक दिवस ती निसटते. गावाकडच्या गॅरेजमध्ये, उघड्यावर, वाऱ्याने उडणाऱ्या मातीत काम करणाऱ्याने ९० दातांचे रॅचेट घेऊन ते वर्षभर उघडलेच नाही, तर त्याचे पैसे वाया गेले असे मी म्हणेन.

म्हणूनच ‘दात जास्त म्हणजे हत्यार उत्तम’ हे समीकरण खोटे आहे. जपानमधल्याच दोन नामांकित उत्पादकांकडे पाहा. क्योटो टूल कंपनीच्या ‘नेप्रॉस’ रॅचेटला ९० दात आहेत, तर कोकेनने आपल्या ‘झील’ या वरच्या मालिकेत ३६ दातांचे रॅचेट दिले. दोघांनाही काम करणारे नावाजतात. अमेरिकेतल्या गिअररेंच कंपनीने तिसराच मार्ग काढला. चक्राला दात ६०च, पण खिट्ट्या दोन, एकमेकींपासून अर्ध्या दाताच्या अंतराने सरकवलेल्या. एक पकडते तेव्हा दुसरी वाट पाहते. दात बऱ्यापैकी मोठे राहूनही १२० जागा मिळतात, म्हणजे फक्त ३ अंशांची हालचाल. युक्ती सुरेख आहे. फक्त दर वेळी भार एकाच खिट्टीवर येतो हे विसरू नये.

रोजच्या वापराचा हिशोब आता मांडू. मेकॅनिक दिवसाला १०० नट-बोल्ट हाताळतो, प्रत्येकाला दहा हेलकावे देतो आणि प्रत्येक हेलकावा ६० अंशांचा असतो असे धरा. ७२ दातांच्या रॅचेटमध्ये मागे येताना खिट्टी दर हेलकाव्याला १२ दातांवरून उडी मारते. दिवसाला १२,००० उड्या. ३०० दिवसांच्या वर्षात ३६ लाख. या उड्यांना जोर लागत नाही, त्यांनी फक्त झीज होते. जोराचा ओढा प्रत्येक नटाला एकदा किंवा दोनदा, घट्ट बसवताना किंवा सैल करताना. ते वर्षाला तीस ते साठ हजार होतात. हत्यार तुटते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारामुळे.

एका ओढ्याने न तुटणारी वस्तू लाख ओढ्यांनी तुटू शकते, हे माणसाला फार उशिरा आणि फार महागात कळले. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने आगगाडीच्या आसांवर पुनःपुन्हा भार देऊन वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६०च्या दशकात धातूच्या थकव्याचे नियम पुढे आणले. प्रतिबल थोडे वाढले तरी धातू सोसू शकणाऱ्या फेऱ्यांची संख्या कित्येक पटींनी घटते, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. नट सुटत नाही म्हणून दांड्याला पाइप घालून लांबी दुप्पट केली की दातावरचे बलही दुप्पट होते. नट सुटतो खरा, पण दाताच्या मुळाशी एखादी केसाहून बारीक भेग पडलेली असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. जाम झालेला नट आधी साध्या ठोस दांड्याने, म्हणजे ब्रेकर बारने सैल करावा आणि मग रॅचेट लावावे. जुने मिस्त्री हेच सांगतात. त्यांना व्होलर माहीत नसतो इतकेच.

मग महाग रॅचेटमध्ये आपण पैसे कशाचे देतो? क्रोम-व्हॅनेडियम पोलाद स्वस्त रॅचेटवरही कोरलेले असते. त्या पोलादाला पाणी कसे दिले हे मात्र कोरता येत नाही. फार कठीण केले तर दात ठिसूळ होऊन टवका उडतो, फार मऊ ठेवले तर दात चेपतो. या दोहोंमधली अरुंद पट्टी प्रत्येक खिट्टीत, प्रत्येक घाण्यात साधणे खर्चाचे असते. वरच्या चकाकत्या मुलाम्याने गंज टळतो, ताकद वाढत नाही. उलट मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून कठीण केलेले भाग नंतर भट्टीत तापवून तो काढावा लागतो. ही पायरी गाळली तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. स्वस्त रॅचेटही कधी कधी वर्षानुवर्षे टिकते, पण आपल्या हाती आलेले त्यांपैकी आहे की नाही हे आधी सांगता येत नाही. चांगल्या उत्पादकाला आपण मुख्यतः या बेभरवशाच्या फरकाला आळा घालण्याचे पैसे देतो, असे माझे मत आहे.

याच कारणाने, एक रॅचेट यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढण्याचे जे प्रयोग चित्रफितींतून दाखवले जातात त्यांना मी टिकाऊपणाची परीक्षा मानत नाही. त्यातून एका नगाची एकदाची ताकद कळते. शंभर नगांत किती कच्चे निघतील आणि पाच वर्षांनी काय होईल, यांपैकी काहीच कळत नाही.

‘आजन्म हमी’ हा तर पदार्थविज्ञानाचा विषयच नव्हे. तो विम्याचा हप्ता आहे आणि तो किमतीतच घेतलेला असतो. अमेरिकेत उत्पादकाची गाडी ठरल्या वारी गॅरेजच्या दारात येते, तिथे मोडलेली खिट्टी बदलून घेता येते आणि हप्ता वसूल होतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ती हमी कोणाकडे मागायची? त्यापेक्षा मागची झाकणी दोन स्क्रू काढून उघडते का, खिट्टी, स्प्रिंग आणि चक्र सुटे मिळतात का, हे दुकानात विचारावे. असे मधल्या किमतीचे रॅचेट, महिन्या-दोन महिन्यांनी पुसून पातळ ग्रीसचा हलका हात दिलेले, मी न उघडणाऱ्या महागड्या रॅचेटपेक्षा पसंत करीन. नाशिकच्या सातपूरपासून पंजाबातल्या जालंधर-लुधियानापर्यंत आपल्याकडे हातहत्यारांचे कारखाने आहेत. सुटे भाग गावोगाव पोचवणे त्यांना अशक्य नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. तरफेचा धडा आपण ‘किती बल लागेल’ येथे संपवतो. ‘किती वेळा’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येतच नाही. कागदांना लावायच्या तारेच्या क्लिपा वीस-वीस घ्या, दोन वेगळ्या डब्यांतल्या. प्रत्येक क्लिप सरळ करून ९० अंशांत वाकवायची, परत आणायची आणि तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजायच्या. तुटताना टोक उडते, डोळ्यांना चष्मा हवा. मग फळ्यावर दोन्ही डब्यांचे आकडे मांडा, आणि सरासरी काढण्याआधी मुलांना विचारा: सगळ्यांत आधी तुटलेली क्लिप कोणत्या डब्यातली होती, आणि ती कितव्या फेरीला तुटली?